लॅब्राडॉरचं पिल्लू ९ हजारांना पण आणि ४५ हजारांना पण मिळतंय, फरक नेमका कशाचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचकेमध्ये राहता, मुलगा सहा वर्षांचा, सासूबाई दिवसभर घरी असतात, आणि लॅब्राडॉरचं पिल्लू घ्यायचंय. तीन ठिकाणी चौकशी केलीत. एक ऑनलाइन जाहिरातवाला, ९ हजार, ४० दिवसांचं पिल्लू, टोकन पाठवा की ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवून देतो म्हणाला. दुसरं ओझरचं एक कुटुंब, घरच्याच मादीची पिल्लं, पेपर नाहीत, २२ हजार. तिसरा पुण्याचा केनलवाला, केसीआय पेपर (केनल क्लब ऑफ इंडियाचे वंशाचे कागद), चॅम्पियन लाइन (शो जिंकलेल्या कुत्र्यांचा वंश), ४५ हजार. आणि तुम्ही विचारताय की एकाच जातीच्या पिल्लात एवढा फरक कसा, ४५ वालं खरंच जास्त चांगलं असेल का.

मी कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर आहे, बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय, पिल्लं विकत नाही आणि कुणाचं नावही सुचवणार नाही. पण विकत घेतलेलं पिल्लू दोन-चार दिवसात आमच्याच टेबलावर येतं त्यामुळे कोणत्या पैशात काय मिळालं हे रोज बघायला मिळतं. त्यावरून सांगतो की किंमत ऐकून पिल्लाबद्दल फार काही कळत नाही. ते पैसे कुठे खर्च झाले हे विचारलंत तर मात्र बरंच कळतं.

आधी नीट काम करणाऱ्या माणसाचा खर्च कुठे होतो ते बघा. मादी साधारण दर सहा महिन्यांनी हीटवर, म्हणजे माजावर, येते. म्हणजे ज्याला फक्त पिल्लं काढायचीत तो वर्षातून दोनदा लिटर, म्हणजे एका बाळंतपणाची पिल्लं, काढू शकतो. आपल्याकडे २०१७ पासून डॉग ब्रीडिंगचे केंद्राचे नियम आहेत, त्यानुसार मादी कमीत कमी १८ महिन्यांची हवी, वर्षातून एकच लिटर, आयुष्यात जास्तीत जास्त पाच, आणि आठ वर्षांनंतर ब्रीडिंग बंद. हे पाळणारा माणूस त्या मादीला वर्षभर खाऊ घालतो आणि पिल्लं एकदाच मिळतात, वर ती म्हातारी झाली की पुढची चार-पाच वर्षं ती त्याच्याच घरी असते, तिचं खाणंपिणं औषधपाणी सगळं चालूच. हा खर्च पिल्लाच्या किमतीत येणार, यायलाच पाहिजे. जो दर हीटला मीटिंग लावतो, म्हणजे नर-मादी जुळवतो, आणि मादी थकली की कुणाला तरी देऊन टाकतो किंवा सोडून देतो त्याला स्वस्तात विकणं परवडतं.

मग मीटिंगच्या आधीच्या तपासण्या. लॅब्राडॉरमध्ये खुब्याचा त्रास खूप, हिप डिस्प्लेसिया म्हणतात, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत घट्ट बसत नाही, सैल राहतो, घासतो, आणि दीड-दोन वर्षांचं धडधाकट कुत्रं जिना चढायला कुरकुर करायला लागतं. तुमचा तिसरा मजला आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय. हा दोष बराचसा आईबापांकडून येतो म्हणून दोघांचे एक्स-रे काढून बघायचे असतात, तेही भूल किंवा गुंगी देऊन, पाय एका ठरावीक पोझिशनमध्ये ताणून, आणि दोन वर्षांच्या आसपास काढले तर त्याला अर्थ असतो. कोपरांचंही तसंच. शिवाय डोळ्यांचा एक आजार आहे, पीआरए, त्यात कुत्रं हळूहळू आंधळं होतं. त्यातला लॅब्राडॉरमध्ये जास्त दिसणारा जो प्रकार आहे त्याची डीएनए टेस्ट आयुष्यात एकदाच करावी लागते. आईबाप दोघंही वरून एकदम ठणठणीत असतात, पण दोघांमध्ये तो जीन एक-एक असला तर प्रत्येक पिल्लाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक. टेस्ट केली असेल तर असं जोडपं लावायचंच नाही, इतकं सोपं आहे ते. पण टेस्ट कुणीतरी करायला तर हवी, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे ती करणारे फार थोडे आहेत.

एक्स-रे चांगले आले म्हणजे पिल्लाचे खुबे चांगलेच निघणार अशी गॅरंटी मात्र नाही. वजन, वाढीच्या काळातलं खाणं, घरातल्या गुळगुळीत टाइल्स, लहानपणी जिन्यावरची उड्या-उडी याचाही परिणाम होतो. शक्यता कमी होते एवढंच, पण एवढं पण पुष्कळ असतं.

त्यानंतर नराची फी. आपल्याकडे बहुतेक वेळा रोख रक्कम किंवा लिटरमधलं पहिल्या पसंतीचं एक पिल्लू असा व्यवहार असतो. मग सोनोग्राफी, शेवटच्या आठवड्यात पिल्लं मोजायला एक्स-रे, साधारण ६३ दिवसांनी बाळंतपण, त्यात कधी पिल्लू अडकलं तर रात्री दोनला सिझेरियन. दूध पाजणारी मादी नेहमीच्या दुपटी-तिपटीने खाते. पहिले दोन आठवडे रात्री कुणीतरी जागं लागतं कारण आई अंगाखाली पिल्लू दाबू शकते. दोन आठवड्यांपासून जंताचं औषध, मग लस, मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळख नंबरची चिप), रजिस्ट्रेशन. आता समजा हे सगळं मिळून एका लिटरला सव्वा लाख खर्च आला आणि आठ पिल्लं जगली, तर एकाला साधारण साडेपंधरा हजार खर्च. तेच चार जगली तर एकतीस हजार. पिल्लू तेच, काळजी तीच, पण किंमत दुप्पट. म्हणून एखादा ब्रीडर यावेळी जास्त सांगतोय म्हणजे लुटतोयच असं नसतं.

जातीनुसार तर आणखी फरक पडतो. फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या जातीत बहुतेक वेळा सिझेरियनच करावं लागतं आणि पिल्लं कमी होतात, त्यामुळे ती महागच. फॅशनचाही भाग असतो, २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीची ती पगवाली जाहिरात आली त्यानंतर घराघरात पग दिसायला लागला, तसंच पुढे हस्कीचं झालं, बर्फातलं कुत्रं इथल्या उन्हाळ्यात. मागणी वाढली की ज्याला त्यातलं काही कळत नाही तोही मादी आणून पिल्लं काढायला लागतो.

किंमत वाढवणाऱ्या पण पिल्लाच्या तब्येतीशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टीही आहेत. डबल बोन, हेवी बोन, पंच फेस, हे सगळे विकायचे शब्द आहेत, ही कुठली मान्यताप्राप्त व्हरायटी नाही. लॅबमध्ये, म्हणजे लॅब्राडॉरमध्ये, मान्य रंग तीनच, काळा, पिवळा आणि चॉकलेट. फॉक्स रेड हा पिवळ्याचाच गडद प्रकार. सिल्व्हर लॅब म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा, त्या फिक्या रंगाच्या कुत्र्यांमध्ये पुढे केस गळण्याचा आणि कातडीचा त्रास दिसतो. नराला मादीपेक्षा जास्त पैसे लावतात तो निव्वळ मागणीचा मामला आहे, घरात पाळायला लॅबची मादी उत्तम.

आणि सगळ्यात मोठा वाढीव खर्च म्हणजे मधली माणसं. माझ्याकडे एकदा एकाच आठवड्यात दोन घरांतून लॅबची पिल्लं आली, एक एजंटकडून घेतलेलं, दुसरं एसी शोरूममधून. दोन्ही लसीची कार्डं टेबलावर शेजारी ठेवली तर अक्षर एकच, जन्मतारीख एकच, स्टिकरवरचा बॅच नंबरही एकच. म्हणजे भावंडंच निघाली, आणि दुसऱ्यांनी पहिल्याच्या जवळपास दुप्पट पैसे दिले होते. ते जास्तीचे पैसे पिल्लाच्या आईवर, तिच्या खाण्यावर किंवा तपासणीवर गेले नव्हते, भाड्यात आणि कमिशनमध्ये गेले होते. दोघांनाही जंत होते.

आता ४० दिवसांचं पिल्लू. आपल्या बाजारात ४०-४५ दिवसांनी पिल्लू द्यायची पद्धतच पडलीय, काही जण तर ३० दिवसांचं देतात कारण लहान दिसतं, गोड दिसतं आणि विकणाऱ्याचा खाण्याचा खर्च वाचतो. नियम मात्र स्पष्ट आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं आजाराचं. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला संरक्षण मिळतं, ते साधारण सहाव्या आठवड्यापासून कमी होत जातं, प्रत्येक पिल्लात वेगळ्या वेळी. ते पुरतं उतरेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि उतरलं की पिल्लू उघडं पडतं. म्हणूनच आम्ही सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस देतो आणि दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर देत सोळा आठवड्यांपर्यंत नेतो, रेबीज तीन महिन्यांना. नेमकं या नाजूक काळात पिल्लू आईपासून तोडून, टोपलीत घालून, रात्रभर गाडीत हलवून, नवीन पाणी नवीन खाणं दिलं की पार्व्होला, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराला, आमंत्रणच. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लू सुस्त होतं, उलट्या, मग रक्ताचे जुलाब. विकणारा म्हणतो आमच्याकडे तर छान होतं, तुम्हीच काहीतरी चुकीचं खायला दिलं. पण पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे तिसऱ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू बहुतेक वेळा तिथूनच आजार घेऊन आलेलं असतं. मग पाच-सहा दिवस सलाइन, खर्च पिल्लाच्या किमतीएवढा, आणि तरी वाचेलच असं नाही. सहा वर्षांच्या मुलाला हे बघायला लागणं फार वाईट असतं, मी बघतो ते चेहरे.

दुसरं कारण वागण्याचं. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावत खेळतात, जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. त्यातून दात किती लावायचा हे कळतं. लवकर तोडलेली पिल्लं हे शिकायचीच राहतात आणि मग घरातल्या लहान मुलाच्या हातापायांवर शिकतात. तुमच्याकडे सहा वर्षांचा मुलगा आहे म्हणून हे साधं समजू नका.

वय खरं सांगतायत का हे तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे २८ दात जवळजवळ सगळे आलेले असतात. समोरचे छोटे दात आणि सुळे आलेत पण मागच्या दाढांच्या जागी नुसत्या हिरड्या दिसतायत तर ते पिल्लू दोन महिन्यांचं नाही, कार्डावर काहीही तारीख असू दे. कार्ड पण नीट वाचा. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर हवं, नुसती पेनाने टिक नको. तारीख, डॉक्टरची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर हवा. जन्मतारखेपासून लसीच्या तारखेपर्यंत दिवस मोजा, २५-३० दिवसांच्या पिल्लाला लस दिलेली दिसली तर ती बहुतेक वेळा ग्राहकाला दाखवायलाच दिलेली असते. आणि ज्या दिवशी पिल्लू देतायत त्याच दिवशी लस टोचली असेल तर त्या लसीचं संरक्षण लगेच मिळत नाही हे लक्षात ठेवा.

जागेवर गेलात की पिल्लाआधी आईला बघा. आई दाखवत नाहीत, गावाकडच्या फार्मवर आहे, आत्ता फिरायला नेलीय, असं काही ऐकलं तर चहा न घेता परत या. दीड-दोन महिने पाजलेली मादी थोडी उतरलेली असते, केसही गळलेले असतात, त्याला घाबरू नका, ते नॉर्मल आहे. तिची नखं बघा, वाढून वळलेली असतील तर ती पिंजऱ्यातून बाहेर पडत नाही. सुळ्यांची टोकं झिजलेली किंवा तुटलेली असतील तर पिंजऱ्याच्या सळ्या चावत बसलेली असू शकते. कोपरांवर जखमा आहेत का. मालकाला बघून शेपटी हलवते की पाय पोटात घेऊन कोपऱ्यात जाते. पिल्लांच्या पंज्यांचे केस पिवळे पडले असतील तर ती लघवीतच बसलेली असतात. पिल्लू टाळी वाजवल्यावर तुमच्याकडे यायला हवं, पोट ढोलासारखं फुगलेलं नको, हिरड्या गुलाबी हव्यात, डोळ्यांत आणि नाकात घाण नको, शेपटीखाली ओलं नको, बेंबीला फुगवटा आहे का ते बोटाने बघा. कोपऱ्यातलं एकटं बिचारं बघून कीव येते आणि तेच उचललं जातं, तुमच्या मनाचा मोठेपणा आहे तो, पण पहिलंच कुत्रं असेल तर असं करू नका.

पेपरबद्दल खूप गैरसमज आहे. केनल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट हे जन्माचं आणि वंशाचं कागद आहे. आईबाप कोण, आजी-आजोबा कोण, ब्रीडर कोण, चिप नंबर काय, एवढं त्यावर कळतं. पिल्लू निरोगी आहे असं ते कुठेच म्हणत नाही. तरी त्याचा उपयोग आहे, वरच्या पिढ्यांमध्ये बापाच्या आणि आईच्या दोन्ही बाजूंना तेच तेच नाव दिसत असेल तर नात्यातच मीटिंग लावलीय हे कळतं. चिप आहे म्हणाले तर स्कॅनर लावून १५ आकडी नंबर कागदाशी जुळवून बघा, जवळचा डॉक्टर दोन मिनिटांत बघून देईल. पेपर नंतर पाठवतो म्हणाले तर पेपरचे पैसेही नंतरच द्या. तुम्हाला शोमध्ये उतरवायचं नाही, पिल्लं काढायची नाहीत, मग माझ्या मते तुमच्यासाठी आईबापांचे खुब्याचे एक्स-रे पेपरपेक्षा जास्त कामाचे.

चांगला ब्रीडर ओळखायची माझी एक आवडती खूण म्हणजे तो तुम्हाला प्रश्न विचारतो. घरी कोण असतं, लिफ्ट आहे का, मुलगा केवढा, आधी कुत्रं होतं का, सोसायटीचं काय. तुमच्या बाबतीत तो नक्की विचारेल की ३० किलोचं तरुण कुत्रं पट्ट्याला ओढायला लागलं तर सासूबाईंना झेपेल का, आणि याचं उत्तर तुम्ही घरात बसून आधीच ठरवलेलं बरं. त्याच्याकडे एक किंवा दोन जाती असतात, आठ-दहा नाही. पिल्लं कायम तयार नसतात, थांबायला सांगतो. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असते आणि विचारल्यावर कागद दाखवतो. आणि पुढे कधी तुम्हाला सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं रस्त्यावर सोडू नका, मला परत द्या असं लेखी देतो. शेवटची गोष्ट करणारा माणूस भेटला तर दोन-तीन महिने थांबायची तयारी ठेवा.

आता तुमच्या तीन पर्यायांवर. ९ हजारवाला सोडूनच द्या. न बघता टोकन मागणं, ४० दिवसांचं पिल्लू गाडीने पाठवणं, यातलं एकही कारण पुरेसं होतं. पिल्लू आलंच तर आजारी यायची भीती, आणि अशा जाहिरातींमध्ये फोटो दुसऱ्याचाच आणि टोकननंतर फोन बंद असंही सर्रास चालतं. पुण्याच्या ४५ हजारवाल्याला फोन करून आईबापांचे हिप एक्स-रे आणि डोळ्यांची डीएनए टेस्ट व्हॉट्सअॅपवर मागा, शिवाय आईचं हे कितवं लिटर आणि आधीचं कधी झालं ते विचारा. सगळं बिनबोभाट पाठवलं तर ४५ हजार महाग नाहीत. चॅम्पियन लाइनचं कौतुक सुरू केलं आणि रिपोर्टचं नाव काढलं नाही तर तुम्ही शोच्या बक्षिसांचे पैसे देताय.

ओझरचं घर मात्र मी आधी जाऊन बघेन. घरात राहणारी मादी, माणसांच्या आवाजात वाढलेली पिल्लं, मिक्सर, टीव्ही, दाराची बेल ऐकलेली, फ्लॅटसाठी असं पिल्लू फार बरं पडतं. पेपर नसणं मला तिथे खटकत नाही. नर कुठला होता, त्याला बघता येईल का, मादीचं वय किती आणि लिटर कितवं, एक्स-रे काढलेत का, हे विचारा. नसतील काढले तर किंमत थोडी कमी करा म्हणायला हरकत नाही, आणि दोन्ही कुत्री जिना कशी चढतात, बसून उठताना मागचे पाय कसे टाकतात ते निदान डोळ्यांनी बघा. पिल्लं किती दिवसांची झालीत हे तुम्ही लिहिलं नाही. आठ आठवडे व्हायचे असतील तर पैसे थोडे देऊन तिथेच राहू द्या, आठवड्यातून एकदा मुलाला घेऊन भेटून या.

चौथा पर्याय पण सुचवतो, तुम्ही विचारला नाही तरी. पहिलंच कुत्रं, घरात वयस्कर माणूस, तिसरा मजला, अशा घरात कधीकधी दीड-दोन वर्षांचं मोठं कुत्रं जास्त छान बसतं. बदली झाली, परदेशी गेले म्हणून चांगली लॅब लोक द्यायला काढतात, संस्थांकडेही असतात. स्वभाव समोर दिसतो, खुबे एक्स-रेत बघता येतात, शी-शूचं शिकवलेलं असतं, आणि पैसे फक्त तपासणीचे.

कुठूनही घेतलंत तरी घरी न्यायच्या आधी किंवा ४८ तासांच्या आत तुमच्या डॉक्टरकडे दाखवा, काही निघालं तर पिल्लू परत घेणार हे विकणाऱ्याकडून मेसेजवर लिहून घ्या. पहिले चार-पाच दिवस तेच खाणं द्या जे तिथे देत होते, एक-दोन किलो मागूनच आणा. आणि ओझरला गेलात की लसीच्या कार्डाचा आणि पिल्लाच्या मागच्या दातांचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.